डबल क्लिक केलं आणि काहीच झालं नाही: ओरिजिनल डीव्हीडी असूनही जुना गेम का सुरू होत नाही?

आजचा अख्खा भाग एका व्हॉइस नोटवर आहे. साताऱ्याच्या एका श्रोत्याने पाठवलीय. ऐकवतो तसं इथे लिहून पण देतो, कारण प्रश्न त्याच्याच शब्दांत जास्त नीट कळतो.

"दादा, मामाने घर बदलताना त्याचे जुने गेम मला देऊन टाकले. त्यात नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड आहे, 2005 वाला. ओरिजिनल डीव्हीडी, बॉक्ससकट. ताईच्या लॅपटॉपला यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह लावला, इन्स्टॉल केला, सगळं नीट झालं. पण आयकॉनवर डबल क्लिक केलं की दोन सेकंद ते गोल फिरतं आणि खेळ खल्लास. एरर नाही, काही नाही. मित्र म्हणतो क्रॅक टाक, पाच मिनिटांचं काम. यूट्यूबवर एकजण सांगतोय विंडोजची ड्रायव्हर तपासणी बंद कर. पण लॅपटॉप ताईचा आहे, तिचं ऑफिसचं काम त्यावरच चालतं. काय करू?"

शेवटच्या दोन वाक्यांसाठी या मुलाला माझ्याकडून एक चहा. कारण खरा प्रश्न तिथेच आहे. गेम चालू करणं अवघड नाहीये. दुसऱ्याच्या कामाच्या मशीनला धक्का न लावता चालू करणं, हे अवघड आहे.

आधी रोग कोणता ते बघू. विंडोज 10 किंवा 11 वर जुना गेम गपचूप मरतो, त्याची कारणं बरीच असतात. काही कारणं निदान बोलून दाखवतात. डी-थ्री-डी-एक्स-नाइन असं काहीतरी नाव असलेली फाइल सापडत नाही असा मेसेज आला, तर तो जुन्या डायरेक्टएक्सचा विषय आहे. मायक्रोसॉफ्टचं जुनं डायरेक्टएक्स 9 चं पॅकेज टाकलं की बहुतेक वेळा मिटतो. काळा स्क्रीन येऊन गेम पडला तर ग्राफिक्स किंवा रिझोल्यूशनकडे बघायचं. पण प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये क्षणभर दिसते, लगेच गायब होते, आणि तोंडातून शब्द नाही? आणि गेम 1998 ते 2008 च्या दरम्यानचा, डिस्कवर आलेला? मग पहिला संशय कॉपी प्रोटेक्शनवर घ्यायचा.

खात्री करायला दोन जागा आहेत. एक, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. गेम उघडायचा प्रयत्न केला त्या वेळेच्या आसपास "सेकडीआरव्ही" नावाच्या ड्रायव्हरची तक्रार दिसली, तर चोर सापडला. दिसली नाही तरी संशय मिटत नाही, म्हणून दुसरी जागा: पीसीगेमिंगविकी. तिथे जवळपास प्रत्येक गेमच्या पानावर त्याला कुठलं प्रोटेक्शन आहे ते लिहिलेलं असतं. मोस्ट वाँटेडच्या डिस्क आवृत्तीला आहे सेफडिस्क.

आता हे सेफडिस्क काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

मॅक्रोव्हिजन नावाच्या कंपनीने हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलं. त्याच सुमाराला घरोघरी सीडी रायटर यायला लागले होते आणि गेम कंपन्यांची झोप उडाली होती. सेफडिस्कची युक्ती अशी, की कारखान्यात डिस्क बनवतानाच तिच्यावर काही सेक्टर मुद्दाम खराब ठेवायचे. साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर एकतर तिथे अडखळतं, नाहीतर शहाणपणा करून ते सेक्टर "दुरुस्त" करून लिहितं. म्हणजे कॉपी मूळ डिस्कपेक्षा चांगली होते, आणि त्या चांगुलपणामुळेच पकडली जाते! गेमची मुख्य फाइल कुलूपबंद असते. तुम्ही डबल क्लिक केलं की आधी उठतो तो गेम नाही, सेफडिस्कचा पहारेकरी. तो डिस्क तपासतो, त्या ठरलेल्या खोडी जागच्या जागी आहेत का बघतो, कोणी आत डोकावून बघणारं साधन चालू ठेवलंय का तेही बघतो. समाधान झालं की कुलूप उघडतो आणि मग गेम सुरू.

या पहारेकऱ्याला मदतनीस लागतो, तो म्हणजे सेकडीआरव्ही डॉट एसवायएस हा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालणारा प्रोग्रॅम. साध्या ॲपला घराच्या हॉलपर्यंत प्रवेश असतो असं धरलं, तर ड्रायव्हरकडे तिजोरीसकट सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. विंडोज एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्ट हा ड्रायव्हर विंडोजबरोबरच द्यायची. आणि 2007 मध्ये त्यातच भोक सापडलं. एखाद्या साध्या प्रोग्रॅमला या ड्रायव्हरच्या खांद्यावर चढून सिस्टिमचे पूर्ण अधिकार मिळवता येत होते, आणि हल्लेखोर त्याचा वापर करतही होते. त्या डिसेंबरात दुरुस्ती आली. पण गेमच्या चोरीपासून रक्षण करायला बसवलेली वस्तू कॉम्प्युटरच्या मालकालाच धोका झाली, ही नोंद राहिलीच.

मग जुलै 2015 मध्ये विंडोज 10 आलं आणि मायक्रोसॉफ्टने सेफडिस्कला दारातच थांबवलं. सेक्युरॉम म्हणून सोनी डीएडीसीचं दुसरं प्रोटेक्शन होतं, त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांचंही तेच झालं. सप्टेंबर 2015 मध्ये एका सिक्युरिटी अपडेटने व्हिस्टा, 7 आणि 8 वरही तो ड्रायव्हर बंद केला. एका रात्रीत कपाटातल्या ढीगभर ओरिजिनल डिस्क नुसत्या शोभेच्या झाल्या. द सिम्स 2, बॅटलफील्ड 1942, कमांड अँड काँकर जनरल्स, अंडरग्राउंड 2, जीटीए व्हाइस सिटीची डिस्क आवृत्ती, सगळी याच पंगतीतली.

आणि गंमत बघा, गंमत कसली, चीड येते. ज्याने पैसे मोजून डिस्क घेतली त्याचा गेम बंद पडला, आणि ज्याने लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत पन्नास रुपयांची कॉपी घेतली त्याचा चालूच राहिला, कारण त्याच्या कॉपीतला पहारेकरी आधीच कोणीतरी कापून काढला होता. आपल्याकडे बहुतेकांना "जुना गेम विंडोज 10 वर चालत नाही" हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यामागचं गुपित हेच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कमेंटमध्ये हमखास येते: "कंपॅटिबिलिटी मोड लाव, विंडोज एक्सपी निवड." इथे चालणार नाही. कंपॅटिबिलिटी मोड गेमशी फक्त खोटं बोलतो की बाबा, हे एक्सपी आहे. पण ड्रायव्हर लोड करू द्यायचा की नाही हे विंडोजचा गाभा ठरवतो, आणि तो कोणाच्या थापेला बधत नाही. "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"चंही तेच.

मग काय करायचं

मी ज्या क्रमाने करीन त्या क्रमाने सांगतो.

पहिलं, तोच गेम नव्याने विकत मिळतो का ते बघा. जीओजीवर मिळत असेल तर उत्तमच, कारण तिथले गेम कॉपी प्रोटेक्शन काढूनच येतात. इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर ठेवा, दहा वर्षांनी टाका. कमांड अँड काँकरची जुनी मालिका मार्च 2024 मध्ये स्टीमवर आली. द सिम्सचे पहिले दोन भाग जानेवारी 2025 मध्ये परत आले. सेलमध्ये अशा गोष्टी पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतात. पण आपल्या साताऱ्याच्या मित्राचं नशीब इथे आडवं आलं. 2005 चा मोस्ट वाँटेड डिजिटल दुकानांत विकायलाच नाही. स्टीमवर त्या नावाने जो दिसतो तो 2012 चा, वेगळा गेम. घाईत तो घेऊ नका.

दुसरं, कंपनीचा शेवटचा अधिकृत पॅच. काही कंपन्या गेम जुना झाला की स्वतःच डिस्कची अट काढतात. ब्लिझार्डने 2008 मध्ये डायब्लो 2 च्या 1.12 पॅचमध्ये हेच केलं. मोस्ट वाँटेडचा 1.3 पॅच बाकीच्या कारणांसाठी जरूर टाका, पण तो हे कुलूप उघडत नाही.

तिसरा उपाय, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर: सेफडिस्कशिम. हा एक मुक्त, ओपन सोर्स प्रकल्प आहे, गिटहबवर मिळतो. याची कल्पना मला फार आवडली. पहारेकऱ्याला तो ड्रायव्हर हवा असतो ना? हा प्रोग्रॅम मध्ये उभा राहतो, पहारेकऱ्याने ड्रायव्हरला विचारलेले प्रश्न स्वतः ऐकतो आणि अपेक्षित उत्तरं देतो. कर्नलमध्ये काहीही शिरत नाही. तो जुना भोकवाला ड्रायव्हर परत येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे डिस्कची तपासणी तशीच राहते. ओरिजिनल डिस्क ड्राइव्हमध्ये लागतेच. म्हणजे प्रोटेक्शन तोडलेलं नाही, त्याच्या मेलेल्या मदतनिसाच्या जागी दुसरा माणूस उभा केलाय. फक्त प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच घ्या. "डाउनलोड नाऊ"ची चार हिरवी बटणं असलेल्या साइटवरून नको. आणि ताईला सांगून टाका. लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर ताईच्या परवानगीनेही भागत नाही, बऱ्याच ऑफिसांत बाहेरचं काहीही इन्स्टॉल करायला बंदी असते. मग पुढचा उपाय बघा.

चौथा उपाय, वेगळं जुनं मशीन. घरात विंडोज 7 चा धूळ खात पडलेला पीसी असेल तर तो काढा, इंटरनेटची वायर काढून ठेवा, आणि तिथे खेळा. ते 2015 चं अपडेट त्यावर बसलेलं असेल तर ड्रायव्हर हाताने चालू करायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली होती. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि टाइप करायचं: एस-सी, स्पेस, स्टार्ट, स्पेस, एस-ई-सी-डी-आर-व्ही. खेळून झालं की स्टार्टच्या जागी स्टॉप. हे विंडोज 10 वर करून बघू नका, तिथे चालू करायला ड्रायव्हरच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाकून खेळता येतं का, असंही बरेच विचारतात. स्ट्रॅटेजीचे, टू-डी गेम बरे चालतात. रेसिंग गेमसाठी मात्र थ्री-डीचा वेग तिथे मिळत नाही. गाडी चालवतोय की बैलगाडी, असं होतं.

यूट्यूबवाल्या उपायाबद्दल

ज्या व्हिडिओचा उल्लेख त्याने केला, त्यातली पद्धत बहुधा अशी: कुठूनतरी सेकडीआरव्हीची फाइल डाउनलोड करायची, तिला घरगुती सही करायची, बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचा, विंडोज टेस्ट मोडमध्ये टाकायचं आणि ड्रायव्हर बसवायचा. चालते का? हो, चालते. म्हणूनच धोकादायक.

टेस्ट मोड फक्त या एका ड्रायव्हरला आत घेत नाही. दारावरची ओळखपत्राची तपासणीच ढिली होते. उद्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने स्वतःच्या सहीचा ड्रायव्हर आणला तर विंडोज त्यालाही या बसा म्हणेल. आणि अनोळखी साइटवरची ड्रायव्हर फाइल म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात. वर ज्यांना व्हॅलोरंट खेळायचंय त्यांनी लक्षात घ्या, विंडोज 11 वर त्याच्या व्हॅनगार्डला सिक्युअर बूट चालू लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या गेमसाठी आजचा गेम बंद पाडून घ्याल. ताईच्या लॅपटॉपवर तर हा विषयच नको.

आता मित्राचा क्रॅक. नैतिक प्रवचन देत नाही, व्यवहाराचं बोलतो. क्रॅक केलेली फाइल अँटीव्हायरस हटकून पकडतो. कधी ती खरंच निरुपद्रवी असते, फक्त तिची रचना संशयास्पद दिसते. त्यामुळे प्रत्येक सूचनेत पहिली ओळ असते: डिफेंडर बंद करा. इथेच फसगत आहे. एकदा ती सवय लागली की खरा चोर आणि खोटा अलार्म यांतला फरक सांगणारं कोणी उरत नाही. पासवर्ड आणि ब्राउझरमधलं लॉगिन चोरणारे प्रोग्रॅम गेमच्या क्रॅकच्या वेशातच फिरतात. ब्राउझरमधली लॉगिन कुकी चोरली गेली तर पासवर्ड, ओटीपी काही न विचारता ताईचं मेल दुसरीकडे उघडू शकतं.

एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2008 मध्ये युबिसॉफ्टने रेनबो सिक्स व्हेगस 2 साठी एक अधिकृत फाइल दिली, डिजिटल आवृत्ती घेतलेल्यांना गेम डिस्क मागत होता म्हणून. लोकांनी ती उघडून पाहिली तर आत रीलोडेड या क्रॅक करणाऱ्या टोळीची खूण! कंपनीने स्वतःच्याच गेमचा चोरांनी केलेला क्रॅक गिऱ्हाइकांना वाटला होता.

कायदा काय म्हणतो, हे दर वेळी विचारलं जातं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65 ए आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. "हेतू" हा शब्द त्यात आहे, तो महत्त्वाचा. कलम 52 मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून प्रत किंवा बदल करायची, आणि बॅकअप ठेवायची मुभा आहे. मी वकील नाही, पण स्वतःच्या डिस्कवरचा गेम चालवणं आणि क्रॅक वाटत फिरणं या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एक नाहीत, एवढं ही कलमं वाचून दिसतं. क्रॅकच्या साइटवरून पूर्ण गेम उतरवणं ही तिसरीच गोष्ट, आणि तिला या मुभेत जागा नाही.

तुमचा गेम सेफडिस्कवाला नसेल तर

थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकावर एकेक भाग होईल.

"रिक्वायर्ड सिक्युरिटी मॉड्यूल" चालू होत नाही, किंवा डिस्क एम्युलेटरशी भांडण आहे, असा मेसेज आला तर ते सेक्युरॉम. डेमन टूल्ससारखी खोटी ड्राइव्ह बनवणारी सॉफ्टवेअर काढून पाहा. सेक्युरॉमच्या पुढच्या काळातल्या गेमना ऑनलाइन ॲक्टिव्हेशनची मर्यादा होती. 2008 चा स्पोर आधी तीनच मशीनवर चालायचा, आरडाओरडा होऊन मर्यादा पाच झाली, खटलाही दाखल झाला.

जीटीए 4 ची जुनी डिस्क एक्सलाइव्ह नावाच्या फाइलबद्दल कुरकुर करते. ते मायक्रोसॉफ्टचं गेम्स फॉर विंडोज लाइव्ह, केव्हाच मेलेलं. त्याच्या नव्या चाव्या मिळेनात म्हणून 2020 च्या सुरुवातीला गेम स्टीमवरून विक्रीतूनच गेला आणि मार्चमध्ये ते लोढणं काढून परत आला, मल्टिप्लेयर मात्र गमावून.

नवे गेम असतील तर डेनुवो. त्याला तुमचं मशीन ओळखायचं असतं, आणि ओळख बदलली की तो चिडतो. 2021 मध्ये इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांत दोन प्रकारचे कोअर होते, तर डेनुवोवाल्या काही गेमना वाटलं दुसरंच मशीन आहे. इंटेलला तात्पुरता तोडगा द्यावा लागला: बायोसमध्ये एक सोय चालू करायची आणि मग स्क्रोल लॉकचं बटण दाबून छोटे कोअर झोपवायचे. त्या बटणाचा कोणालातरी उपयोग झाला म्हणायचा! स्टीम डेकवर किंवा लिनक्सवर प्रोटॉनच्या आवृत्त्या पटापट बदलून बघत असाल तर जपून. प्रत्येक बदल नवं मशीन मोजला जाऊ शकतो आणि गेम दिवसभरासाठी बंद होतो. तेव्हा काही करायचं नाही. 24 तास थांबायचं.

परत साताऱ्याला येऊ. व्हॉइस नोटच्या खाली त्याने एक ओळ टाइप केली होती: मामाचा जुना पीसी अजून चालू होतो, आणि त्यात मामाचं ब्लॅकलिस्ट नंबर दोनपर्यंत पोचलेलं करिअर आहे, ते राहील का?

राहील. सेव्हचा आणि कॉपी प्रोटेक्शनचा काही संबंध नाही. मामाच्या पीसीवर माय डॉक्युमेंट्समध्ये "एनएफएस मोस्ट वाँटेड" नावाचं फोल्डर असेल. त्यात मामाच्या प्रोफाइलच्या नावाचं फोल्डर. ते आख्खं पेन ड्राइव्हवर घे, नाव बदलू नकोस. ताईच्या लॅपटॉपवर गेम एकदा चालू करून बंद कर, म्हणजे डॉक्युमेंट्समध्ये तसंच फोल्डर तयार होईल, आणि मामाचं त्यात टाक. कॉपी करताना डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलंय का तेवढं बघ, नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा गेलेलं असतं.

आणि हे काम त्या पीसीची हार्ड डिस्क अजून फिरतेय तोवर कर. या रविवारीच मामाकडे जा. रेझरशी शेवटची रेस मामालाच खेळू दे.